पाण्याच्या दिवशी आई पडली

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही साखर पेठेत राहतो. माझी आई ७३ वर्षांची आहे. उभा जन्म तिने विड्या वळल्या. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत कोजागरीला तुळजापूरला चालत जायची, आम्ही पोरं मागे पडायचो. आषाढात एका पाण्याच्या दिवशी पहाटे चारला नळ आला. कुणाला न उठवता ती एकटीच उठली आणि मोरीच्या तोंडाशी पडली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं, आता निघालंय. तेव्हापासून आम्ही तिला काही करू देत नाही. टीव्हीसमोर खुर्ची दिलीय, ताट हातात देतो, रात्रीसाठी खाटेजवळ कमोडची खुर्ची आणलीय. तरी मागच्या आठवड्यात खुर्चीतून उठताना तिचा तोल गेला. माझ्या बायकोने धरलं म्हणून वाचली. वर म्हणते, "मला बांधूनच ठेवा की." बीपीची आणि शुगरची गोळी चालू आहे, झोपेची अर्धी गोळी घेते. पुण्याचा भाऊ म्हणतो वॉकर घे. कॅल्शियमचं कुठलं टॉनिक चांगलं? आणि जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वरच्या जत्रेला, जायचंच म्हणून हट्ट धरलाय, तिला कसं समजवायचं?
— एक मुलगा, सोलापूर

उत्तर :

दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते. आत्ता भाद्रपद चाललाय, गड्डा संक्रांतीला. मधे साडेतीन महिने आहेत. एवढ्या दिवसांत आईला समजावण्यापेक्षा तिला गड्ड्यासाठी तयार करणं सोपं जाईल. कसं, ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रात एक शब्द आहे, त्यावर मी अडकले. "तरी मागच्या आठवड्यात तोल गेला." एवढी बसवून ठेवली, तरी. मी तिथे "म्हणून" लिहिलं असतं.

खुर्चीतून उठायला माणसाला मांड्यांची ताकद लागते. मांडीचा पुढचा मोठा स्नायू आणि बैठकीचे स्नायू मिळून शरीर वर ढकलतात. ते रोज वापरले नाहीत तर उतरतात, आणि म्हातारपणी फार लवकर उतरतात. अमेरिकेत धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून मोजमाप केलं होतं. दहा दिवसांत पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ती निरोगी माणसं होती, हाड मोडलेलं नव्हतं, शुगर नव्हती. तुमची आई खाटेवर नाही, खुर्चीत आहे, तेवढा फरक मान्य. पण तिचे दोन महिने झाले. जी बाई घरात दिवसातून शंभरदा उठत-बसत होती, ती आता किती वेळा उठते? चार? पाच? आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बखोटीला धरतं, म्हणजे तेही तिचे पाय करत नाहीत.

ताकदीबरोबर आणखी एक गोष्ट जाते. पाय अडखळला की पुढचं पाऊल झटकन टाकून स्वतःला सावरायचं, हे शरीर विचार न करता करतं. त्यालाही सराव लागतो, आणि बसून असलेल्या माणसाला तो मिळत नाही. मग भीती बसते, भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय आणखी उतरतात, की पुन्हा पडणं. पासष्टीच्या पुढची साधारण तीन माणसांत एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतं, आणि एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडायची शक्यता जास्त असते. त्यामुळे तुमची काळजी खोटी नाही. उपाय मात्र उलटा पडतोय.

हे मी तुम्हाला मोठ्या तोंडाने सांगतेय, पण माझ्या वडिलांना मीच बसवलं होतं. चाळीस वर्षं लूमवर उभं राहिलेला माणूस. एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरले, काही मोडलं नाही, नुसतं खरचटलं. मी तेव्हा बारा वर्षं फिजिओथेरपी करत होते, दिवसभर दुसऱ्यांच्या आई-वडिलांना "चला, उठा" म्हणत होते, आणि घरी येऊन त्यांना "उठू नका" म्हणत होते. तीन आठवड्यांनी ते खाटेच्या कडेवरून उठायला गेले आणि गुडघ्यांनी साथच दिली नाही. खाली बसलेच. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं ते अजून आठवतं. रागाने नव्हतं. गोंधळलेलं होतं.

आपण म्हाताऱ्यांना का बसवतो? जीव असतो म्हणून, हे एक. दुसरं कारण कुणी पत्रात लिहीत नाही. आई पुन्हा पडली तर बोळातले लोक काय म्हणतील, पुण्याचा भाऊ काय म्हणेल. ती खुर्ची थोडी आईसाठी असते, थोडी आपल्याला रात्री झोप लागावी म्हणून. मी तुम्हाला दोष देत नाही. एकदा हे मनाशी कबूल केलं की पुढचं सोपं जातं, एवढंच.

आता त्या पहाटेकडे या. "ओल्या फरशीवरून घसरली" असं सगळे म्हणत असतील. पण रात्री अंधारात उठलेली ७३ वर्षांची बाई पडते तेव्हा कारण एकच असतं असं क्वचितच होतं. पोटात झोपेची गोळी. झोपेतून एकदम उठणं. बीपीची गोळी. नळ जाईल या घाईत टाकलेली पावलं. आपल्या गावात पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा आख्खी पेठ जागी होते. बॅरल, घागरी, कळश्या, पाइप आडवा टाकलेला, मोटारीचा आवाज, शहाबादी फरशीवर पाण्याचा पातळ थर. तो दिसत नाही, पाय ठेवल्यावर कळतो. सोलापुरात पाण्याच्या दिवशी पडलेली माणसं मी इतकी बघितलीत की कुणी मनगटाला पट्टी बांधून आलं की मी आधी विचारते, "पाणी होतं का त्या दिवशी?"

घरी एक गोष्ट आजच करा. बीपीचं मशिन असेल तर आणा, नसेल तर शेजाऱ्यांकडे किंवा दवाखान्यात. आईला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, जवळ राहा, आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, किंवा डोकं हलकं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात बहुतेक वेळा बसवूनच बीपी घेतलं जातं, त्यामुळे उभं राहिल्यावर काय होतं ते सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. तुम्ही स्वतःहून बदलू नका.

झोपेच्या अर्ध्या गोळीचं वेगळं सांगते. "अर्धीच तर आहे" असं घरोघरी म्हणतात. या गोळ्यांचा अंमल म्हाताऱ्या शरीरात जास्त वेळ राहतो. पहाटे चारला तो उतरलेला नसतो. पण वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली तर झोप पार उडते, कधी घाबरं होतं, थरथर सुटते, फिटही येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "ही हळूहळू कमी करता येईल का?" आणि ही गोळी मुळात कुणी सुरू केली होती तेही आठवा. पुष्कळदा ती कुठल्यातरी जुन्या आजारपणात आठ दिवसांसाठी दिलेली असते आणि नंतर मेडिकलवाल्याकडून नुसती चालू राहते. सर्दीच्या काही गोळ्याही अशीच गुंगी आणतात, त्या घरात कुणीही "घे गं आई" म्हणून देऊ नयेत.

शुगरच्या बाबतीत दोन गोष्टी. काही गोळ्यांनी शुगर फार खाली जाते, विशेषतः जेवण कमी झालं किंवा उशिरा झालं तर. दुपारच्या जेवणाआधी किंवा पहाटे घाम, थरथर, चक्कर असं होत असेल तर त्याच वेळी ग्लुकोमीटरने बघा. दुसरं पायांचं. शुगरने तळपायाची जाणीव बोथट होते. आईला विचारा, चप्पल पायातून निसटली तर तुला कळतं का? मी हे विचारलं की बायका हसतात आणि म्हणतात, "नाही हो, दोन पावलं गेल्यावर कळतं." ज्या पायाला चप्पल कळत नाही त्याला ओली फरशी काय कळणार! मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. ते कमी झालं तरी पाय बधिर होतात, तोल जातो, आणि ते भरून काढता येतं.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे का, शेवटचा चष्मा कधी बदलला, हेही बघा. खाली वाचायची काच असलेल्या चष्म्याने जिना उतरताना पायरी धूसर दिसते. बाहेर चालायला वेगळा, फक्त लांबचा चष्मा असला तर बरं.

टॉनिकचं विचारलंत. उभं राहिलेल्या उंचीवरून पडून ७३ व्या वर्षी मनगट मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत असं धरून चालायचं असतं. पहिलं हाड मोडलं की दुसरं मोडायचा धोका वाढतो, आणि दुसरं खुब्याचं असू शकतं. त्यावर नुसतं कॅल्शियम पुरत नाही, मग ते टॉनिक कितीही महाग असो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी आहे, दुखत नाही. त्यानंतर गरज असेल तर हाडांची झीज रोखणारी औषधं असतात, आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून. प्लॅस्टर काढायला गेलात तेव्हा हे कुणी बोललं नसेल, तर तुम्ही विषय काढा. मनगट जुळलं की सगळ्यांना काम संपलं असं वाटतं.

ड जीवनसत्त्व तपासून, कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या. साठ हजार युनिटची पुडी "चांगली असते" म्हणून कायम घेत राहायची नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध बायकांना वर्षातून एकदा मोठा डोस देऊन बघितला होता, त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. खाण्यात मात्र हात आखडू नका. आई आता ताटात किती घेते? काम नाही म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून अर्धी भाकरी आणि चहा-खारी, असं झालं असेल. स्नायू धरून ठेवायला तिला वजनाच्या किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. वरण घट्ट करा. दही, दूध, मटकीची उसळ, चालत असेल तर अंडं. शेंगाचटणी आपल्याकडे असतेच, पण ती चिमूटभर खाऊन प्रथिनं मिळाली असं समजू नका. नाचणी आणि तीळ कॅल्शियमसाठी चांगले. आणि पाणी. रात्री उठायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, मग उभं राहिलं की चक्कर. पाणी दिवसा प्यायला द्या, संध्याकाळी सातनंतर कमी करा, बंद नको.

आता घर. मी आत्ता तुमच्या घरात नाही, पण साखर पेठेतली घरं मला माहीत आहेत. मोरीच्या तोंडाशी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा पायपुसणं म्हणून टाकलेला असेल. तो आधी उचला. चादर आपल्या गावाची शान आहे, पण गुळगुळीत फरशीवर तिचा तुकडा ठेवला की तो माणसाला घेऊन सरकतो. खाली रबर असलेलं पायपुसणं आणा, नाहीतर काहीच नको.

मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचा जाड दांडा बसवा. टॉवेलचा दांडा नव्हे, तो दोन स्क्रूंवर असतो आणि पडणाऱ्या माणसाबरोबर खाली येतो. मुठीत नीट मावेल एवढा जाड, भिंतीत भोकं पाडून पक्का. आईला आत उभं करा, ती आपोआप हात कुठे टाकते ते बघा, आणि तिथे खूण करा. प्लंबरला जागा ठरवू देऊ नका. आंघोळीला पक्का, न हलणारा, पायांना रबर असलेला स्टूल. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करा. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा. ती कमोडची खुर्ची मात्र तिचं मनगट नीट झालं की हळूहळू काढा. रात्री नीट उजेडात, कोरड्या फरशीवर, आधाराला दांडा असताना आठ पावलं चालणं तिला परवडेल. खाटेवरून एकदम उठायचं नाही, आधी कडेला बसून पाय दहा-वीसदा हलवायचे, मग उभं राहायचं, मग चालायचं. एवढं तिला शिकवा.

घरात ती अनवाणी चालत असेल. आपल्याकडे देवघर, स्वयंपाकघर, चप्पल आत नाही. घरातली वेगळी चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली, तळवा खरखरीत. आंगठ्याची सपाट स्लिपर नको, ती आंगठ्याने धरून चालावी लागते आणि पाऊल फरफटतं. साडी घोट्याच्या थोडी वर नेसायला सांगा. हे सुनेने सांगू नये, लेकीने किंवा तुम्ही सांगा. कारण तुम्हाला माहीतच आहे.

पाण्याच्या दिवशी नळ तुम्ही भरायचा. तुमच्या बायकोने एकटीने नाही, तुम्ही. पण आईला त्यातून पूर्ण बाहेर काढू नका. साठ वर्षं ज्या बाईने घराचं पाणी बघितलं, तिला "तू झोप" म्हटलं तर ती पुन्हा कुणाला न उठवता उठेल. सगळं भरून, पाइप गुंडाळून, फरशी कोरडी पुसून झाली की मग तिला उठवा आणि सांगा, झाकणं लागलीत का बघ. ती बघेल आणि दोन चुका काढेल. काढू दे.

व्यायामाकडे येते, कारण सगळ्यात जास्त काम तोच करतो. कितीतरी देशांतल्या हजारो वृद्धांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण साधारण पावपट कमी दिसलं. नुसतं चालून तेवढा फायदा होत नाही. न्यूझीलंडमध्ये घरच्या घरी करायचे असे व्यायाम बसवले गेले, आता जगभर वापरतात. त्यात यंत्र नाही, जिम नाही. खुर्ची, ओटा आणि भिंत पुरते.

आधी मोजा. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. आईने खुर्चीतून उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, नेहमीच्या चालीने. फोनवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. मग हात छातीशी धरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजा. तिच्या वयाच्या बाईला दहाच्या खाली आले तर पाय कमकुवत आहेत. आज कदाचित चार येतील. हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहा. तारीख घालून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घाबरू नका, हा आकडा हलतो.

खुर्ची कुठली ते महत्त्वाचं. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, आणि जुनी झाली की पाय फाकतात. लाकडी घ्या, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. उंची गुडघ्याएवढी. खालची वाटली तर बसायला घडी घातलेली चादर टाका, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एक-एक घडी कमी करा. चादरीचा हा उपयोग मला जास्त आवडतो. उठताना पावलं मागे घ्यायची, नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल एवढं वाकायचं आणि मग उभं राहायचं. बहुतेक म्हातारी माणसं पाय पुढे पसरून, पाठ मागे ठेवून उठायला बघतात आणि मग म्हणतात गुडघे गेले. सकाळी आठ-दहा वेळा, संध्याकाळी आठ-दहा वेळा. बसताना धपकन नाही, हळू, तीनपर्यंत मोजत. ताकद त्या हळू बसण्यात जास्त येते.

दुसरं, ओट्याला दोन्ही हात लावून टाचा उचलायच्या, मग चवडे उचलायचे. ओटा धरून खेकड्यासारखं आडवं चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसरं, भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्ची, आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून दहा सेकंद. सुरुवातीला जमत नाही, सगळ्यांचंच डुगडुगतं. डुगडुगायलाच हवं. अजिबात डुगडुगत नसेल तर व्यायाम फार सोपा आहे. फक्त शेजारी कुणीतरी उभं असावं, धरून नव्हे, हात जवळ ठेवून. पहिले दोन-तीन वेळा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या, मनगटाचाही व्यायाम शिकून घ्या. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. आठवड्याला एकूण तीन तासांच्या आसपास व्हायला हवं, तुकड्यातुकड्यांनी चालेल. बारा आठवड्यांत फरक दिसतो, सोडलं की जातो.

विडी वळणाऱ्या बायकांबद्दल एक सांगते. मांडीवर सूप घेऊन तासन् तास जमिनीवर बसून त्यांची कंबर-मान धरते, ते खरं. पण जमिनीवरून उठणं-बसणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. परदेशात म्हाताऱ्यांना हे वर्ग घेऊन शिकवतात. तुमच्या आईकडे ते आहे, ते खुर्चीत घालवू नका. पायांत जोर आला आणि गुडघे मानतील, की खाट धरून दिवसातून एक-दोनदा तिला खाली बसू दे, शेंगा सोलू दे, भाजी निवडू दे. उठताना आधी गुडघ्यावर, मग एक पाय पुढे, खाटेवर हात, मग उभी. हीच रीत पडल्यावर उठायलाही लागते. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं. पडून तासाहून जास्त जमिनीवर राहिलेल्या माणसाचं पुढे फार वाईट होतं, मोडलेलं काही नसलं तरी. म्हणून साधा बटणांचा फोन दोरीने गळ्यात, तुमचा नंबर एका बटणावर.

आणि पुन्हा पडलीच, तर घाईने ओढून उचलू नका. खुब्यात कळ आहे, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर हलवायचं नाही, मालिश नाही, हाड बसवणाऱ्याकडे नाही, १०८ ला फोन. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बरी दिसली तरी दवाखान्यात न्या. पुढच्या काही आठवड्यांत ती जास्त झोपायला लागली, गोंधळली, डोकं दुखायला लागलं, तर "वय झालं" म्हणू नका. आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं.

वॉकर? आत्ता नको. वॉकरला दोन्ही हातांवर भार द्यावा लागतो, डावं मनगट नुकतं जुळलंय, आणि तुमच्या बोळात आणि उंबऱ्यांवर तो अडकेल. भावाला माझं नाव सांगा. बाहेरसाठी काठी घ्या. चप्पल घालून उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत येईल एवढी. आजोबांची होती म्हणून ती नको, मापाची हवी. खाली रबर असतं ते झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं, टायर बदलतो तसं. कमजोर पायाच्या उलट्या हातात धरायची. दोन्ही पाय सारखे असतील तर उजव्या हातात, म्हणजे डाव्या मनगटाला आराम.

हे सगळं कोण करणार, हा प्रश्न राहतो. पत्रात ताट हातात "देतो" असं लिहिलंत, धरलं मात्र बायकोने. सकाळचे व्यायाम तुम्ही घ्या, वीस मिनिटं. संध्याकाळचे नातवंडं घेतील. आजी किती वेळा उठली हे मोजायला पोरांना फार आवडतं, आणि आजी पोरांसमोर हरत नाही. उद्यापासून ताट हातात देणं बंद. तिने उठून यायचं. लसूण सोलणं, पोळ्यांना तेल लावणं, ओट्याशी उभं राहून करायचं जे असेल ते तिला परत द्या. सांडेल, वेळ लागेल.

राहिला गड्डा. घटस्थापनेपासून सुरुवात करा. पहिला आठवडा बोळाच्या टोकापर्यंत, काठी आणि तुम्ही. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दर आठवड्याला थोडं पुढे. कोजागरीला यंदा तुळजापूर नाही, हे तिला तुम्ही सांगा, तिलाही ठाऊक असेल. दिवाळीनंतर एखाद्या साध्या दिवशी, सोमवार सोडून, रिक्षाने सिद्धेश्वरच्या देवळापर्यंत न्या आणि तिथून आत चालवा. चप्पल काढून दगडी फरशीवर चालायचं आहे, त्यामुळे घरी आल्यावर तिचे तळवे डोळ्यांनी बघा, कुठे कापलंय का. शुगरच्या पायाला कळत नाही.

संक्रांतीत अक्षता सोहळ्याच्या गर्दीत तिला नेऊ नका. तिथे तरुण माणसाचे पाय सुटतात. नंदीध्वजांची मिरवणूक ज्या रस्त्याने जाते तिथे कुणाच्या तरी ओळखीच्या घराची ओसरी असेलच, तिथे दुपारीच नेऊन खुर्चीत बसवा, आणि ध्वज समोर आले की तिला उभं राहू द्या. मुख्य दिवस संपले की एखाद्या दुपारी गड्ड्यात न्या, गर्दी कमी असताना. कॅलेंडरवरचा तो आकडा जानेवारीत किती झाला ते मला कळवा. आणि मोरीतला दांडा बसला का, तेही.